किड्यापुरता ढग: फ्लॅशचा उजेड मऊ करणं म्हणजे नेमकं काय?

हिरव्या पानावर बसलेला भुंगेरा. पाठीवर निळ्या-सोनेरी रंगाच्या लाटा, मिशांवरचा केस न् केस मोजावा इतका स्पष्ट, आणि कुठेही डोळ्याला टोचणारी चमक नाही. असा फोटो समोर आला की हल्ली खाली एक शंका ठरलेली असते: "हा एआयचा आहे ना?"

शंका घेणाऱ्याला हसू नये. त्याने स्वतः कधीतरी फ्लॅश लावून असाच भुंगेरा टिपलेला असतो, आणि हाती आलेलं असतं ते भलतंच. पाठीवर पांढराफटक डाग, पोटाखाली डांबर ओतल्यासारखी सावली, मागे मिट्ट काळोख. भर दुपारचा फोटो अमावस्येच्या रात्रीचा वाटावा. मग समोरचा देखणा भुंगेरा खरा कसा मानायचा?

गंमत अशी की दोन्ही फोटोंत किडा, कॅमेरा आणि फ्लॅशही तोच असू शकतो. फरक असतो तो मध्ये धरलेल्या एका पांढऱ्या पडद्याचा. त्याला डिफ्यूझर म्हणतात. पडदा आला की उजेड मंद होतो आणि म्हणून फोटो सुधारतो, असा बहुतेकांचा समज असतो. माझाही बरीच वर्षं होता. पण उजेड मंद करायचा तर फ्लॅशची ताकद कमी केली की झालं, त्याला पडदा कशाला? आणि ताकद कमी करून बघा, फोटो अंधारा होतो, पण पाठीवरचा डाग तसाच राहतो. म्हणजे पडदा वेगळंच काहीतरी करत असतो.

## मुळात फ्लॅश हवाच कशाला? ऊन आहे की!

आधी हे निस्तरू. मॅक्रो म्हणजे किडा कॅमेऱ्याच्या सेन्सरवर जवळपास त्याच्या खऱ्या मापाचा उमटेल इतक्या जवळून काढलेला फोटो. या मापाला एकास एक म्हणतात. एवढ्या जवळ गेलं की स्पष्ट दिसणारा थर फार पातळ होतो. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या, सेन्सरवर, एकास एक मापात, एफ/११ ला तो जेमतेम १.३ मिलिमीटर भरतो (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्समधलं भोक बारीक). लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा पाच-सात मिलिमीटर लांब असतो. म्हणजे डोळे स्पष्ट आले की बूड धूसर झालंच म्हणून समजा. त्याच्या दुप्पट मोठा काढायला गेलात तर थर अर्ध्या मिलिमीटरवर येतो.

थर जाड करायचा तर लेन्समधलं भोक, म्हणजे अॅपर्चर, बारीक करावं लागतं, आणि भोक बारीक झालं की उजेड आटतो. वर एक छुपा कर आहे: एकास एक मापाला सेन्सरपर्यंत उजेड चौथा हिस्साच पोचतो. लेन्सवर एफ/११ लावलेलं असलं तरी काम एफ/२२ सारखं चालतं. अॅपर्चर याहून फार बारीक केलं तर प्रकाश त्या भोकाच्या कडेवरून फाकतो आणि सगळाच फोटो किंचित पिठूळ होतो, त्यामुळे तिकडेही पळवाट नाही.

राहता राहिलं शटर जास्त वेळ उघडं ठेवणं. पण पान हलतं, आपला श्वास चालू असतो, किडा मिशा हलवतो. पान अर्धा मिलिमीटर डुललं तर माणसाच्या फोटोत ते कुणाला कळणारही नाही. इथे तेवढ्यात मुंगीचं अर्धं डोकं सरकून जातं.

फ्लॅश ही अडचण झटक्यात सोडवतो, अक्षरशः. त्याच्या आत झेनॉन वायूची छोटी नळी असते. साठवलेली वीज तिच्यातून एकदम सोडली की लखलखाट होतो. आपण ताकद कमी करतो तेव्हा बऱ्याच फ्लॅशमध्ये हा लखलखाट फिका होत नाही, लवकर तोडला जातो. नळ पूर्ण सोडायचा, पण बादलीभर पाणी येण्याऐवजी पेलाभर आलं की बंद करायचा, तसं. ताकद बत्तिसाव्या हिश्श्यावर आणली की लखलखाट साधारण सेकंदाच्या दहाहजाराव्या भागात, कधी त्याच्याही आत, आटोपतो. तेवढ्यात पान काय, माशीचा पंखही फारसा हलत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३०च्या दशकापासून अशाच क्षणिक लखलखाटांनी बंदुकीच्या गोळ्या आणि दुधाचे थेंब हवेत थिजवून दाखवले. आपण तीच युक्ती नाकतोड्यावर वापरतो, इतकंच.

एलईडीचा सततचा दिवा का नको, असंही विचारलं जातं. फोकस करायला तो उत्तम. पण तो एवढ्या छोट्या क्षणात एवढा उजेड ओतू शकत नाही, म्हणून शटर लांबवावं लागतं आणि पान पुन्हा डुलायला लागतं.

## कडक उजेड, मऊ उजेड

ग्रहणाच्या बातम्यांत "उपच्छाया" हा शब्द आपण दर वेळी वाचतो. सूर्य ठिपका नाही, तबकडी आहे. त्यामुळे गडद सावलीभोवती एक पट्टा असा पडतो, जिथून सूर्य अर्धवट दिसतो. तिथे पूर्ण उजेडही नसतो आणि पूर्ण अंधारही नसतो. सावलीची ही अधलीमधली किनार जितकी रुंद, तितका उजेड मऊ. जितकी अरुंद, तितका कडक. मऊ आणि कडक या शब्दांचा अर्थ एवढाच आहे, आणि त्यात उजेड किती तीव्र आहे याचा कुठेच उल्लेख नाही हे लक्षात घ्या.

किनार रुंद कशी होते? दिवा मोठा दिसला की. "मोठा असला की" म्हटलेलं नाही. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आहे. पण तो १५ कोटी किलोमीटरवर असल्यामुळे आपल्याला जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो. लांब केलेल्या हाताच्या करंगळीच्या नखाआड तो सहज लपतो. म्हणून उन्हातल्या सावल्या सुरीने कापल्यासारख्या पडतात. त्याच सूर्यासमोर ढग आले की उजेड ढगभर पसरतो, दिवा अर्ध्या अंशाचा न राहता आभाळाएवढा होतो आणि सावल्या विरघळतात. ढगाने सूर्याला नुसतं झाकलेलं नसतं. ढग स्वतःच दिवा झालेला असतो.

आता एक चांगली हरकत. किडा एवढासा, फ्लॅशची काच त्याच्या दहापट मोठी. मग किड्याला तो ढगासारखाच वाटायला हवा, नाही का?

नाही, कारण हिशेब किड्याच्या मापाशी नसून कोनाशी आहे. किड्याच्या जागी बसून वर बघायचं आणि विचारायचं: या दिव्याने माझं किती आभाळ व्यापलंय? कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश सात सेंटिमीटर रुंद आणि किड्यापासून पंचवीस सेंटिमीटर लांब असेल तर तो सोळाएक अंश व्यापतो. बाकी सगळं आभाळ काळं. वीस सेंटिमीटर रुंदीचा पांढरा पडदा किड्यापासून दहा सेंटिमीटरवर आणला तर तो नव्वद अंश व्यापतो, क्षितिजापासून थेट माथ्यापर्यंतच्या पट्ट्याएवढं आभाळ. तोच पडदा किड्यापासून अर्ध्या मीटरवर नेला की जेमतेम तेवीस अंश उरतात. मोठा डिफ्यूझर घेऊनही फोटो कडक येतात अशी तक्रार ऐकली की मी आधी विचारतो, तो धरलात किती लांब?

## पाठ नव्हे, आरसा

सावल्यांपुरतं हे ठीक. पण किड्यांच्या फोटोत खरी डोकेदुखी सावली नसून चकाकी असते.

वस्तूवरून उजेड दोन तऱ्हांनी परततो. खडूसारख्या खरबरीत पृष्ठभागावरून तो सगळीकडे विखुरतो आणि त्यातूनच आपल्याला वस्तूचा रंग कळतो. गुळगुळीत पृष्ठभागावरून तो आरशासारखा ठरलेल्या दिशेने उसळतो, आणि तिथे दिसतं ते वस्तूचं रूप नव्हे, दिव्याचं प्रतिबिंब. भुंगेऱ्याची पाठ, मुंगीचं डोकं, माशीचा डोळा हे सगळे मेणचट, तुकतुकीत, बाहेर फुगलेले आरसे आहेत. स्टीलच्या चमच्याची पाठ डोळ्यांसमोर धरा. अख्खी खोली तिच्यात आक्रसून मावलेली दिसेल आणि खोलीतला बल्ब एका झगझगीत टिंबाएवढा. भुंगेऱ्याच्या पाठीवरचा पांढरा डाग म्हणजे ते टिंब, आपल्या फ्लॅशचं छोटं छायाचित्र.

फ्लॅशची ताकद कमी केल्याने डाग का जात नाही ते इथे कळतं. ताकद कमी केली की पाठीचा रंग आणि डाग दोन्ही एकाच प्रमाणात मंदावतात. त्यांच्यातली दरी तशीच राहते. रंग नीट दिसेल इतका उजेड दिला की डाग पुन्हा जळतो. आणि जळलेल्या पांढऱ्यात मागाहून सॉफ्टवेअरने काही काढता येत नाही, कारण सेन्सरने तिथे काही नोंदवलेलंच नसतं.

दरी मिटवायची तर दिव्याचा उजेड मोठ्या पृष्ठभागावर पसरावा लागतो. आरशासमोर उघडा बल्ब धरा: तुमचा चेहरा उजळेल, पण आरशातल्या बल्बकडे बघवणार नाही. त्याच बल्बवर मोठी कागदी शेड चढवा आणि चेहरा पूर्वीइतकाच उजळेल एवढा दमदार बल्ब आत लावा. आता आरशातल्या शेडकडे तुम्ही आरामात बघू शकता. चेहऱ्यावर एकूण उजेड तेवढाच पडतोय, पण शेडच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरच्या वाट्याला त्यातला थोडाथोडाच आलाय.

फ्लॅशची काच सात बाय चार, म्हणजे २८ चौरस सेंटिमीटर. पडदा वीस बाय पंधरा, म्हणजे ३००. उजेड सगळ्या पडद्यावर सारखा पसरला तर पाठीवरच्या प्रतिबिंबाची प्रखरता ढोबळमानाने दहाव्या हिश्श्यावर येते, आणि पाठीचा रंग मात्र तितकाच उजळ राहतो. पडदा किड्याच्या आणखी जवळ आणला तर फ्लॅशची ताकद अजून कमी करता येते आणि प्रतिबिंब अजून निवळतं. डाग नाहीसा होत नाही. तो पसरतो, फिका होतो, आणि त्याच्या आरपार खालचा निळा-सोनेरी रंग दिसायला लागतो. एआयचा आरोप ज्या फोटोवर झाला त्यातल्या "लाटा" याच.

## पण माझ्या फ्लॅशला पांढरी टोपी आहे की!

फ्लॅशसोबत मिळणारी ती प्लास्टिकची पांढरी डबी. ती घरात काम करते, कारण ती उजेड चहूकडे उधळते आणि भिंती, छत तो परत पाठवतात. तिथे दिवा होते ती खोली, डबी नव्हे. उघड्यावर ना छत ना भिंत. चहूकडे उधळलेला उजेड गेला तो गेलाच. किड्याला दिसतो तो फ्लॅशच्याच मापाचा, आधीपेक्षा मंद दिवा. फ्लॅशच्या काचेवर टिश्यू पेपर चिकटवणाऱ्यांचंही हेच होतं. पडदा आहे, पण दिव्याचा आकार वाढलेला नाही.

बरं, मोठा पडदा लावला तरी काम फत्ते होतंच असं नाही. माझा पहिला घरगुती डिफ्यूझर चांगला हातभर होता, आणि फोटो तरी जळकेच. कारण सापडलं ते सायकलच्या बेअरिंगमधल्या एका छर्‍यामुळे. छर्‍याचा मॅक्रो फोटो काढला. लख्ख गोल आरसाच तो. त्यात माझा डिफ्यूझर अगदी स्पष्ट उमटला होता: मधोमध नाण्याएवढा पांढराशुभ्र गोळा आणि भोवती करडा, जवळजवळ काळा कागद. हातभर पडद्यातला कामाचा भाग नाण्याएवढा. उजेड मधल्या जागीच आदळत होता आणि कडांपर्यंत पोचतच नव्हता. फोटोवाले याला हॉटस्पॉट म्हणतात.

तेव्हापासून नवा डिफ्यूझर झाला की आधी छर्‍याचा फोटो. किड्यामागे धावून दहा दिवसांत जे कळत नाही ते छर्रा एका फोटोत सांगतो. पांढरा भाग केवढा आहे, कडेला उतरत जातोय की एकदम तुटतोय, मधे ठिपका जळतोय का, सगळं. माझ्या सध्याच्या डिफ्यूझरचा डावा कोपरा चिकटपट्टी सुटल्याने जरासा मुडपलाय. छर्‍यात तो मुडपलेला कोपराही दिसतो.

## घडवायचा कसा

हॉटस्पॉट घालवायचा उपाय म्हणजे उजेडाला पसरायला जागा देणं. फ्लॅशचं तोंड आणि पडदा यांत अंतर हवं. पडदे एकाऐवजी दोन हवेत आणि त्या दोघांतही दोन-तीन सेंटिमीटरची पोकळी हवी. पहिला पडदा उजेडाचा गठ्ठा फोडतो, पोकळीत तो फाकतो, दुसरा पडदा ते फाकलेपण गुळगुळीत करतो. दोन पडदे एकमेकांना चिकटवून लावले तर नुसता जाड पडदा होतो, उजेड खातो आणि गोळा तसाच ठेवतो. मधल्या बोगद्याच्या आतल्या बाजूला चांदीसारखा चकचकीत कागद लावला की कडेला निसटणारा उजेडही पुढे ढकलला जातो.

पडद्याला काय चालतं? ट्रेसिंग पेपर, नकाशे काढायची दुधी फिल्म, नाजूक वस्तूंच्या खोक्यात येणारा पातळ पांढरा फोम, पांढऱ्या प्लास्टिकच्या कॅनचा कापलेला तुकडा. ट्रेसिंग पेपर उजेड छान पसरवतो, पण दवात भिजला की लोळागोळा होतो. फोम हलका, घडी पडली तरी सरळ होणारा. माझं मत फोमच्या बाजूने आहे. प्लास्टिक घेताना ते खरंच पांढरं आहे का हे पांढऱ्या कागदाचा फोटो काढून पाहावं. डोळ्याला दुधी दिसणारं प्लास्टिक कॅमेऱ्याला पिवळट दिसू शकतं.

आकार सपाट ठेवू नये. लेन्सच्या वरून पुढे झुकणारा, किड्याच्या डोक्यावर छपरासारखा आणि दोन्ही बाजूंना थोडा उतरता असा बाक दिला तर पडदा अधिक आभाळ व्यापतो. पुढची कड लेन्सच्या टोकाच्या जरा पुढे यावी. शंभर मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सला एकास एक मापात लेन्सचं टोक आणि किडा यांत साधारण तेरा ते पंधरा सेंटिमीटर उरतात. त्यातच हे छप्पर बसवायचं असतं. फार पुढे नेलं तर ते पानाला टेकतं, आणि पान हललं की आपला भुंगेरा टुणकन खाली.

"एवढे पडदे लावले तर उजेड उरेल का?" दोन थर मिळून निम्म्याहून बराच जास्त उजेड गिळतात, हे खरं. पण पडदा जवळ आल्याने भरपाई होते. अंतर निम्मं केलं की उजेड साधारण चौपट होतो. साधा हातात मावणारा फ्लॅश आठव्या किंवा सोळाव्या हिश्श्याच्या ताकदीवर भागवतो, आणि बॅटरीही टिकते.

## पोटाखाली काय करायचं

छप्पर कितीही मोठं असलं तरी उजेड वरूनच येतो. पाय आणि पोट अंधारातच राहतात. खाली पांढऱ्या कार्डाचा तळहाताएवढा तुकडा धरला की वरचा उजेड त्यावरून परत वर उसळतो. किडा पानावर असेल तर पानही हेच काम करतं, फक्त उसळलेला उजेड हिरवा असतो. फिकट पोटाचा सुरवंट पानावर टिपला आणि पोट हिरवट आलं तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका.

## इतकं मऊ, की सपाट?

ही हरकत मला पटते. पडदा किड्याला चहूबाजूंनी वेढेल इतका वाढवला तर सावली संपते आणि सावलीबरोबर आकारही. पतंगाच्या पंखांवरचे खवले, केसाळ सुरवंटाची लव, नाकतोड्याच्या पायावरचे काटे हे सगळं बारीक सावल्यांमुळेच तर दिसतं. चकचकीत भुंगेऱ्याला मोठा पडदा हवा. मखमली पतंगाला मी पडद्याचा आकार सरळ कमी करतो, किंवा तो एका अंगाला तिरपा करतो. सगळ्यांना एकच माप लावणारे फोटो ओळखू येतात. एकही डाग जळलेला नसतो आणि एकही किडा उठून दिसत नाही.

लेन्सभोवती बसणाऱ्या गोल रिंग फ्लॅशचा दोष हाच. उजेड समोरून येतो, सावल्या पुसतो, आणि वर प्रत्येक डोळ्यात पांढरी बांगडी उमटवतो. दातांच्या डॉक्टरांना तो सोयीचा, कारण त्यांना खाचाखोचा बिनसावलीच्या बघायच्या असतात.

फ्लॅश आणि लेन्स दोन्हींवर पोलरायझर, म्हणजे ठरावीक दिशेत कंप पावणाराच प्रकाश पुढे सोडणारी काच, लावून चकाकी पार मारता येते असंही सुचवलं जातं. येते. पण मग भुंगेरा प्लास्टिकचा वाटतो आणि डोळे निर्जीव. डोळ्यातलं ते छोटं पांढरं प्रतिबिंब गेलं की किडा मेल्यासारखा दिसतो. चकाकी हवीच असते, फक्त ती आवाक्यातली हवी.

## मागचा काळोख

पडद्यापासून किडा दहा सेंटिमीटरवर आणि मागची झुडपं एक मीटरवर. अंतर दहापट, म्हणून झुडपांना ढोबळमानाने शंभरावा हिस्सा उजेड मिळतो. म्हणजे काहीच नाही. डिफ्यूझर कितीही भारी असला तरी हे बदलत नाही.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे किड्यामागे पाच-दहा सेंटिमीटरवर दुसरं एखादं पान येईल असा कोन शोधणं. त्याच फ्लॅशच्या उजेडात ते पान धूसर हिरवं होऊन मागे पसरतं. कुणी सुकलेलं पान चिमट्यात धरून मागे उभं करतात. दुसरा उपाय नैसर्गिक उजेडाला थोडा वाव देण्याचा: आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, चारशे-आठशेवर न्यायची आणि शटर जरा रेंगाळू द्यायचं. मागचं आभाळ निळं येतं. मात्र वाऱ्यात किड्याभोवती हललेली धूसर कड दिसू शकते, कारण एकाच फोटोत दोन उजेड वेगवेगळ्या वेळी काम करत असतात. लख्ख उन्हात तर हा घोळ न मागता होतो. तिथे मी सरळ अंगाची सावली किड्यावर धरतो.

## आकडे कुठून सुरू करायचे?

एफ/११, शटर १/१६० किंवा १/२०० सेकंद, आयएसओ २००, फ्लॅश सोळाव्या हिश्श्यावर. शटर याहून वेगवान करायचा मोह टाळा. बहुतेक कॅमेरे फ्लॅशसोबत १/१६० ते १/२५० पर्यंतच नीट जुळतात. पुढे जाण्याची सोय असते, पण त्यात एका लखलखाटाऐवजी तुकडे तुकडे पडतात, ताकद जाते आणि हालचाल गोठवण्याचा फायदाही.

फ्लॅशची ताकद हाताने ठरवणं इथे अवघड नाही. एकास एक मापात किडा नेहमी लेन्सपासून तेवढ्याच अंतरावर असतो, पडदाही जागचा हलत नाही, म्हणजे उजेड दर वेळी तोच. एकदा जमलेला आकडा दिवसभर चालतो. पांढऱ्या पतंगाला थोडी कमी, काळ्या भुंगेऱ्याला थोडी जास्त ताकद दिली की झालं.

## किड्याला त्रास होत नाही का?

लखलखाटाला बरेच किडे दाद देत नाहीत असा माझा अनुभव आहे. काही मात्र पहिल्याच फ्लॅशला उडतात, आणि त्यांच्या मागे लागण्यात अर्थ नसतो. किडे बिथरतात ते जास्त करून सावलीने आणि हालचालीने. माश्या-मधमाश्यांचे डोळे सेकंदाला दोनशेच्या वर लुकलुकी वेगळ्या ओळखतात. आपली धाव साठाच्या आसपास संपते. म्हणजे आपल्याला झटकन वाटलेली हालचाल त्यांना रेंगाळत येताना दिसते. त्यात डिफ्यूझर म्हणजे पक्ष्याएवढी पांढरी वस्तू. ती वरून खाली आणली की चतुर गेलाच. खालून, पानाच्या उंचीने, आपली सावली किड्यावर अचानक पडणार नाही असं सरकत जावं. भल्या पहाटे जाणं सर्वांत बरं: किड्यांचं अंग बाहेरच्या हवेबरोबर गार झालेलं असतं, ते सुस्त असतात, आणि टाचणी, म्हणजे चतुराची सडपातळ बहीण, दवाचे थेंब अंगावर घेऊन तशीच काडीला धरून बसलेली सापडते.

फ्रीजमध्ये ठेवून किडा गार करायचा आणि मग निवांत फोटो काढायचे, हा प्रकार मी करत नाही. तसे फोटो ओळखायला फार डोकंही लागत नाही. पाय विचित्र दुमडलेले असतात.

## आणि फोनवर?

फोनचा दिवा बारीक आणि सततचा, त्यामुळे वरचं फ्लॅशचं गणित तिथे लागू होत नाही. पण ढगाचं होतं. फोनला लावायची छोटं मॅक्रो भिंग किड्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर काम करतं. ऊन असेल तेव्हा किडा आणि सूर्य यांच्या मध्ये ट्रेसिंग पेपर हातभर अंतरावर न धरता अगदी जवळ आणा. सूर्य मागे राहतो, कागद दिवा होतो. फरक स्क्रीनवर डोळ्यांदेखत दिसतो.

परवा माझ्याच एका भुंगेऱ्याच्या फोटोखाली कुणीतरी "एआय" लिहिलं. मी त्याच फोटोचा तुकडा मोठा करून खाली लावला. पाठीवरचं फिकट पांढरं प्रतिबिंब, त्याच्या खालच्या कडेला लेन्सचा काळा गोल, आणि डावीकडे तो चिकटपट्टी सुटून मुडपलेला कोपरा.